शीतपेटी की उभे शीतकपाट?

शेळी, कोंबडी व मासळी यांच्या विक्रीचा जोडधंदा करणारी कुटुंबे व बचत गट आता फ्रीझर घेऊ लागले आहेत. शिकारीच्या मांसाचा येथे प्रश्नच नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने शिकारीस बंदी आहे. वरून झाकणाची पेटी घ्यावी की दाराचे उभे कपाट, हा प्रश्न केवळ सोयीचा नसून भांडवल वाचविण्याचा आहे.

थंड हवा जड असते. कपाटाचे दार उघडताच ती खालून बाहेर वाहते. पेटीचे झाकण उघडले तरी ती बहुतांशी आतच राहते. म्हणून पेटीस वीज कमी लागते व वीज गेल्यावरही तिच्यातील थंडावा चांगला टिकतो. मात्र त्या वेळी झाकण उघडू नये आणि पेटी शक्यतो भरलेली असावी.

कपाटास जागा कमी लागते आणि हवा तो माल चटकन सापडतो, हे खरे. पेटीत तळाचा माल विसरला जातो. परंतु पुडक्यांवर तारीख लिहून जुना माल वर ठेवल्यास हा दोष दूर होतो. खंडित विजेवर असा घरगुती इलाज नाही.

सबब, जेथे वीज वारंवार जाते तेथे पेटीच घेणे हितावह होय. तीत उणे १८ अंश सेल्सिअस तापमान राखावे, ताजे मांस थोडे थोडे भरावे, आणि पूर्ण वितळून कोमट झालेला माल विकू नये. ग्रामसेवकांनी कर्जाचा सल्ला देण्यापूर्वी गावचा वीजपुरवठा अवश्य विचारात घ्यावा.