ऑपरेशनला पैसे आहेत, व्यायामाला का नाहीत?

खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून चालू आहे. शेजारी बॉम्बे सॅपर्सची छावणी. आयुष्यभर उभ्याने काम केलेली, कवायत केलेली कितीतरी माणसे निवृत्तीनंतर याच परिसरात राहतात. साठीच्या आसपास जिना उतरताना गुडघ्यातून कळ येऊ लागते, जमिनीवर मांडी घालणे बंद होते आणि मग ठरलेला क्रम सुरू होतो: मलम, पट्टा, पेनकिलर, इंजेक्शन, शेवटी ऑपरेशनची तारीख. या क्रमात सर्वांत भरवशाचा उपचार बहुतेकदा राहून जातो. तो म्हणजे जाणकाराने शिकवलेला आणि काही महिने नेटाने केलेला व्यायाम.

गुडघेबदलाबद्दल तक्रार नाही. ऑक्टोबर २००० मध्ये पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या डाव्या गुडघ्यावर मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी शस्त्रक्रिया केली, पुढच्या वर्षी उजव्यावर, आणि हे ऑपरेशन घराघरांत माहीत झाले. खडकीपासून जवळच, शिवाजीनगरला डॉ. के. एच. संचेती यांनी भारतीय माणसांसाठी ‘इंडस’ हा देशी कृत्रिम सांधा घडवला. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राने सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली; सरासरी दीड लाखाच्या पुढे गेलेला कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा करांव्यतिरिक्त ५४,७२० रुपयांवर आला. बसवलेल्या दर १०० सांध्यांपैकी सुमारे ८२ पंचवीस वर्षे टिकतात. सांधा पूर्ण झिजलेला असेल, रात्रीची झोप उडाली असेल, चार पावले चालणे अवघड झाले असेल, तर हे ऑपरेशन वरदान आहे. मात्र बदललेल्या गुडघ्यानेही साधारण पाचांतला एक रुग्ण समाधानी नसतो, हेही तारीख घेण्याआधी त्याच्या कानावर पडले पाहिजे.

डेन्मार्कमधला एक अभ्यास इथे महत्त्वाचा आहे. गुडघेबदलास पात्र ठरलेल्या शंभर रुग्णांचे दोन गट केले. एका गटाचे ऑपरेशन करून नंतर बारा आठवडे व्यायाम, वजन आणि आहाराचे मार्गदर्शन. दुसऱ्याला ऑपरेशनशिवाय तेवढेच मार्गदर्शन. वर्षाअखेर ऑपरेशनवाल्यांना आराम जास्त होता, पण गंभीर गुंतागुंतही त्यांच्यातच जास्त झाली. आणि ऑपरेशनविना राहिलेल्यांपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश जणांना वर्षभरात ते करावेच लागले नाही. हा निकाल २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला.

इंजेक्शनांची कथा निराळी. स्टिरॉइडने काही आठवडे बरे वाटते. पण दर तीन महिन्यांनी दोन वर्षे ते दिलेल्या रुग्णांचे दुखणे खाऱ्या पाण्याचे इंजेक्शन घेतलेल्यांपेक्षा कमी झाले नाही, उलट कूर्चा अधिक झिजली. स्वतःच्याच रक्तातून काढलेल्या प्लेटलेट्सचे महागडे इंजेक्शनही २०२१ च्या ऑस्ट्रेलियातील चाचणीत खाऱ्या पाण्यापेक्षा सरस ठरले नाही. झिजलेल्या सांध्यात दुर्बीण घालून ‘साफसफाई’ करण्याचा फोलपणा तर २००२ मध्येच दिसला होता. तरीही लोक या वाटेला पैसे घालत राहतात, याचे वाईट वाटते.

आयुर्वेदाचे काय, हा प्रश्न पुण्यात टाळता येत नाही. पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा यांनी भिगवणमध्ये १९९६ पासून घरोघरी सांधेदुखीची पाहणी केली आणि पुढे आयुर्वेदिक औषधांची आधुनिक पद्धतीने चाचणीही घेतली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४४० रुग्णांच्या चाचणीत ती औषधे सेलेकॉक्सिब या वेदनाशामक गोळीच्या तोडीची ठरली, पण काहींच्या यकृताच्या तपासण्या बिघडल्या. म्हणून देशी गोळ्याही डॉक्टरांच्या नजरेखालीच घ्याव्यात. पेनकिलरचे तर विचारूच नये: मधुमेह किंवा रक्तदाबाच्या रुग्णाने ती महिनोन्‌महिने स्वतःच्या मनाने घेतली तर मूत्रपिंड धोक्यात येते. त्यापेक्षा चोळायचे वेदनाशामक जेल आधी वापरून पाहावे.

मांडीचे स्नायू बळकट झाले की सांध्यावरचा ताण हलका होतो. वजन एक किलो उतरले तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी घटतो. खुर्चीवर बसून पाय सरळ करणे, हातांचा आधार न घेता उठणे, दुखत्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात काठी धरणे, हे सगळे स्वस्त आहे. शिकवणारे कुणीतरी हवे इतकेच. आणि इथेच व्यवस्था पाठ फिरवते. आयुष्मान भारत योजना दाखल झालेल्या रुग्णाचा खर्च उचलते, त्यात गुडघेबदलही बसतो. बाह्यरुग्ण विभागातली तीन महिन्यांची फिजिओथेरपी मात्र बसत नाही. कारखान्यातून निवृत्त झालेल्या माणसाच्या विधवेला दर खेपेला खिशातून पैसे काढणे कसे परवडणार?

खडकीला हे पटवून द्यायची गरज पडू नये. १९७४ पासून इथल्या पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटरमध्ये मणक्याला इजा झालेल्या जवानांचे पुनर्वसन होते. व्यायाम हाच उपचार असतो, हे या गावाने रोज पाहिले आहे.

तेव्हा कटक मंडळाने आपल्या रुग्णालयात आठवड्यातून दोनदा गुडघेदुखीचा सामूहिक व्यायामवर्ग सुरू करावा. पुण्यातल्या फिजिओथेरपी महाविद्यालयांची मदत त्यासाठी मागता येईल. राज्यानेही बारा आठवड्यांची फिजिओथेरपी योजनेत घ्यावी. आणि गुडघा लाल, गरम होऊन सुजला असेल, ताप असेल, सांधा अडकत असेल किंवा सकाळचा ताठरपणा तासभर राहत असेल, तर वर्गाची वाट न पाहता थेट डॉक्टरांना दाखवावे.