चप्पल कुणाची? कायद्याला विचारा, पण नीट विचारा

जून 2025 मध्ये इटलीत मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा कंपनीचे मॉडेल कोल्हापुरी चपला घालून चालले. नाव मात्र 'चामड्याच्या सँडल'. टीका झाल्यावर कंपनीने भारतीय कारागिरीतून प्रेरणा घेतल्याचं कबूल केलं. काही वकिलांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. जुलैमध्ये ती फेटाळली गेली.

रत्नागिरीतल्या आमच्या अभ्यासवर्गात पोरं चिडली. "कोर्टसुद्धा त्यांचंच!" हे उत्तर आम्हाला फार सोपं वाटतं. बॅरिस्टर बाबासाहेबांच्या अनुयायांनी निकालावर चिडण्याआधी तो समजून घेतला पाहिजे.

अन्याय झाला का, हा वकिलाचा पहिला प्रश्न नसतो. तो विचारतो: हक्क कोणता? कुणाच्या नावावर? भंग नेमका कशाचा? आणि दाद मागणारा कोण?

हक्क आहे भौगोलिक मानांकनाचा, म्हणजे जीआयचा. तो नावाला संरक्षण देतो, डिझाइनला नाही. प्राडाने 'कोल्हापुरी' हे नावच वापरलं नाही. शिवाय भारतातली नोंदणी इटलीत आपोआप लागू होत नाही. नोंदणी आहे महाराष्ट्राच्या लिडकॉम आणि कर्नाटकच्या लिडकर या दोन सरकारी महामंडळांच्या नावावर. न्यायालय म्हणालं, नोंदणीकृत मालक स्वतः दावा करू शकतो, तुम्ही कोण? कायद्याच्या चौकटीत हा तर्क चुकीचा नाही.

खरी मेख पुढे आहे. 1999 च्या जीआय कायद्यात 'उत्पादक' या शब्दाची व्याख्या आहे. त्यात वस्तू बनवणारा येतो, आणि तिचा व्यापार करणाराही येतो. आमच्या रत्नागिरीच्या हापूसला 2018 मध्ये हेच मानांकन मिळालं. तिथेही व्यापारी 'उत्पादक' ठरतो. बागेत रोजावर आंबा काढणाऱ्या मजुराचं नाव मात्र त्या नोंदवहीत शोधून सापडायचं नाही.

कायद्यात एक दार उघडं आहे: 'अधिकृत वापरकर्ता'. कारागीर तशी नोंदणी करू शकतो, आणि नोंदणी झाली की मानांकनाचा भंग झाल्यास त्याला स्वतः दाद मागता येते. मग "तुम्ही कोण?" या प्रश्नाला उत्तर असतं.

काही साथी विचारतील, जातीच्या धंद्याचा अभिमान कशाला? बाबासाहेबांनी तर मेलेली ढोरं ओढायचं सोडा म्हणून सांगितलं. बरोबर आहे. बापाच्या हातातली रापी पोराच्या हाती जन्मानेच येणार असेल तर ती आम्हाला नको. पण जो आज रापी चालवतोय, त्याच्या घामाची किंमत मागणं म्हणजे जातिधंद्याचा गौरव नव्हे. चामड्याला हात लावला म्हणून ज्याला अस्पृश्य ठरवलं, त्याच चामड्याच्या कलेला आता 'वारसा' म्हणतात. मान वारशाला आणि मजुरी तीच, हे आम्ही मान्य करणार नाही.

डिसेंबर 2025 मध्ये प्राडाने या दोन्ही महामंडळांशी करार केला. म्हणून प्रश्न आता मिलानला नको, महामंडळाला विचारू. एका जोडामागे कारागिराला किती? नफ्यात वाटा आहे का? अधिकृत वापरकर्ते किती, त्यात बनवणारे किती आणि विकणारे किती?

माहिती अधिकाराचा अर्ज करायला वकील लागत नाही. आपल्या भागातल्या कारागिराजवळ बसा, त्याचा नोंदणीचा अर्ज भरून द्या. घोषणा त्यानंतर देऊ.

जय भीम!