रुब्रिक : गेरूपासून गुणांकनापर्यंत

शिक्षकांच्या प्रशिक्षणवर्गांत आज सतत कानावर पडणारा ‘रुब्रिक’ हा इंग्रजी शब्द मुळात मातीचा आहे. लॅटिनमध्ये ‘रुबेर’ म्हणजे लाल आणि ‘रुब्रिका’ म्हणजे तांबडी माती, आपला गेरू. रोमन सुतार लाकडावर रेघ आखायला ही माती वापरीत. कायद्याच्या ग्रंथांतली शीर्षके लाल रंगात लिहिली जात, म्हणून मातीचे नाव आधी शीर्षकाला आणि मग थेट कायद्याला पडले. पहिल्या शतकातला रोमन कवी पर्सिअस ‘रुब्रिका’ हा शब्द कायदा या अर्थाने वापरतो.

लाल शीर्षकांची चाल मात्र रोमनांहून फार जुनी. इसवी सनापूर्वी १५५०च्या सुमारास लिहिलेल्या एबर्स पपायरस या इजिप्शियन वैद्यकग्रंथात मजकूर काळ्या शाईत आणि शीर्षके लाल शाईत आहेत. आपल्याकडच्या पोथ्यांतही हिंगुळाची तांबडी शाई दिसते. ‘श्रीभगवानुवाच’सारखे शब्द, दंड आणि शेवटची पुष्पिका लाल करीत, किंवा त्या अक्षरांवरून नुसता गेरू फिरवीत. शब्द रोमचा असला, तरी वाचणाऱ्याच्या डोळ्याला वाट दाखवण्याची ही गरज सगळीकडे सारखीच होती.

मध्ययुगीन युरोपात हे काम स्वतंत्र कारागिराकडे गेले. मजकूर उतरवणारा लेखनिक शीर्षकांच्या जागा कोऱ्या सोडी, आणि रुब्रिकेटर त्या लाल शाईने भरी. त्या शाईतल्या शिशाच्या तांबड्या रंगाला ‘मिनियम’ म्हणत. ‘मिनिएचर’ हा शब्द त्यातूनच आला. त्याचा लहानपणाशी मुळात काही संबंध नव्हता, तो अर्थ मागाहून जडला. छपाई आल्यावरही हा कारागीर लगेच बाजूला पडला नाही. १४५५च्या सुमारास गुटेनबर्गने आपल्या बायबलच्या पहिल्या काही पानांवर लाल शीर्षके छापून पाहिली, पण प्रत्येक कागद दोनदा छापखान्यातून काढणे जड जाऊ लागले आणि त्याने तो नाद सोडला. पुढच्या पानांवर जागा कोऱ्या ठेवल्या, आणि कुठे काय लिहायचे याची छापील यादी रुब्रिकेटरांसाठी तयार केली. पॅरिसच्या प्रतीत हाइन्रिश क्रेमर या रुब्रिकेटरने काम संपल्याची नोंद ऑगस्ट १४५६मध्ये केली आहे. हे बायबल त्याआधी छापून झाले होते, हे या नोंदीवरूनच ठामपणे सांगता येते.

शब्दाला खरे वजन आले ते चर्चमध्ये. प्रार्थनेच्या पुस्तकात मोठ्याने म्हणायचे शब्द काळे, आणि उभे राहा, गुडघे टेका, हात जोडा अशा धर्मगुरूसाठीच्या सूचना लाल. त्या सूचनांनाच रुब्रिक म्हणू लागले, आणि शीर्षकाचा शब्द आज्ञेचा झाला. इंग्लंडमध्ये १५५२च्या प्रार्थनापुस्तकात एक खुलासा ऐन वेळी घातला गेला. प्रसाद घेताना गुडघे टेकणे म्हणजे त्या भाकरीची आणि द्राक्षरसाची पूजा नव्हे, असे त्यात म्हटले होते. पुढे एकोणिसाव्या शतकातल्या आवृत्त्यांत बाकीच्या सूचना लाल आणि हा खुलासा काळा छापला गेला, तेव्हा त्याला ‘ब्लॅक रुब्रिक’ असे चमत्कारिक नाव मिळाले. चर्चच्या पंचांगात मोठे सण लाल अक्षरांत नोंदवीत. ‘रेड लेटर डे’ म्हणजे संस्मरणीय दिवस, हा वाक्प्रचार तिथला. मराठी घरांतल्या दिनदर्शिकेवरचा लाल रविवार याच रीतीच्या नात्यातला.

पुढे या शब्दाला निरनिराळ्या भाषांत निरनिराळे अर्थ लागले. फ्रेंच, जर्मन आणि रशियन भाषांत तो वर्तमानपत्राच्या ठरावीक सदराचे नाव आहे. स्पॅनिशमध्ये सहीखालच्या वळणदार फराट्याला ‘रुब्रिका’ म्हणतात. ब्रिटिश शाळांत प्रश्नपत्रिकेच्या माथ्यावरच्या सूचना म्हणजे रुब्रिक.

गुणांकनाच्या तक्त्याचा अर्थ विसाव्या शतकातल्या अमेरिकेत रुजला. त्याची गरज का पडली, हे १९६१च्या एका अभ्यासातून कळते. पॉल डीडरिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांचे ३०० निबंध वेगवेगळ्या क्षेत्रांतल्या ५३ जणांकडून तपासून घेतले आणि प्रत्येकाला त्यांचे ९ प्रतींत वर्गीकरण करायला सांगितले. ९४ टक्के निबंधांना किमान ७ वेगवेगळ्या प्रती मिळाल्या. कुणी कल्पनांना मान देत होता, कुणी मांडणीला, तर कुणी शुद्धलेखनाला. प्रत्येक निकष वेगळा मांडून त्याच्या पायऱ्या आधीच लिहून ठेवणारा आजचा तक्ता हा या गोंधळावरचा उतारा आहे.

इजिप्तच्या पपायरसापासून चर्चच्या पुस्तकापर्यंत लाल अक्षरे वाचणाऱ्याच्या हाती मजकुराबरोबरच पडत. शाळेतला तक्ता मात्र पुष्कळदा तपासनिसाच्या फाइलीत राहतो, आणि मुलांना तो गुण हाती आल्यावर दिसतो, किंवा दिसतच नाही. शिक्षकांनी तो निबंधाच्या विषयाबरोबरच, पहिल्या दिवशी, मुलांच्या हाती द्यावा.