मरणाऱ्याच्या उशाशी मोबाइल

घरातलं माणूस शेवटच्या आजारात अंथरुणाला खिळलं, की उशाशी मोबाइल ठेवायचा, त्यावर अभंग लावायचे आणि आपण बाहेरच्या खोलीत बसायचं. याला आज आपण सेवा म्हणतो. हेच घर तेराव्याला मात्र भजनी मंडळ बोलावतं. ऐकणारा होता तोवर टाळ वाजला नाही आणि तो गेल्यावर पखवाज, माइक, जेवणावळ! हा निव्वळ दांभिकपणा आहे.

समोर गायलेलं आणि यंत्रातून आलेलं यांतला फरक कळत नाही, ही सबब कोणी सांगू नये. दर डिसेंबरला पुण्यात सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाला हजारो रसिक थंडीत तासन्‌तास बसतात. तेच राग त्यांच्या खिशातल्या मोबाइलमध्ये असतात, तरी ते जातात. स्वतःसाठी जे मोलाचं, ते मरणाऱ्याला नाकारायचं, हा कुठला न्याय?

संगीतोपचारक लुकॅन मॅगिल बेली यांनी १९८३ मध्ये रुग्णालयातल्या ५० कर्करुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांच्यासमोर प्रत्यक्ष गायलं गेलं, त्यांचा ताण टेप ऐकणाऱ्यांपेक्षा अधिक उतरला, उत्साहही वाढला. संगीतानं वेदना मिटते असा माझा दावा नाही. तिथं मॉर्फिनच लागतं. पण संगीतोपचारक रुग्णाच्या श्वासाची लय पकडून गातो, मग ती हळूहळू उतरवतो. कपाळावर आठी दिसली की थांबतो. मोबाइलवर अभंगाच्या मध्येच जाहिरात किंचाळते आणि ती बंद करायला रुग्णाचा हात उचलत नाही. रात्री एकट्यानं जागणाऱ्याला ध्वनिमुद्रणाचा आधार असतो, हे मान्य. तो आधार म्हणजे आपली सुटका नव्हे.

मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना सदन हे अखेरच्या टप्प्यातल्या कर्करुग्णांचं शुश्रूषागृह १९८६ मध्ये सुरू झालं. त्यानंतर एवढी वर्षं लोटली, तरी वेदनाशामक सेवेत गाणाऱ्याला पगारी जागा देणं आपल्याला चैन वाटतं. रुग्णालयांच्या इमारतींना देणग्या देणाऱ्यांनी त्या पगाराचा भार उचलावा.

आणि भजनी मंडळांना हात जोडून विनंती आहे. तेराव्याचं बोलावणं येण्याआधी गावात कोण आजारी आहे ते विचारा. घरच्यांच्या परवानगीनं दोघंच जा, माइक नेऊ नका. काय ऐकायचंय ते त्यालाच विचारा, आणि त्यानं नको म्हटलं तर नुसते शेजारी बसा.