मांजर म्हणजे छोटा कुत्रा नव्हे

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट आहे. आम्ही मुंब्र्याला, कौसा भागात राहतो. घरात मलाई नावाची मांजर आहे. पाऊस सुरू झाला आणि तिच्या अंगावर पिसवा दिसू लागल्या. आठवीतला माझा मुलगा दुकानातून एक ट्यूब घेऊन आला. पाकिटावर कुत्र्याचे चित्र होते. मी विचारले, तर म्हणाला, "अम्मी, दुकानवाले चाचा बोले, बिल्ली को भी चलेगा, बस दो-चार बूंद डालना." मी वह्या तपासत होते. मान वर न करता म्हटले, "लाव मग."

हे मुद्दाम सांगते आहे. मी बी.एड. झालेली बाई, उर्दू आणि मराठी शिकवते, इंग्रजी वाचता येते. पाकीट माझ्यासमोर होते. मी ते वाचले नाही.

सकाळी अकराला औषध लावले. दुपारी चारला सासूबाईंनी हाक मारली, "बेटा, मलाईला थंडी वाजतेय का बघ." थंडी नव्हती. आधी कान फडफडत होते, मग पाठीची कातडी थरथरू लागली, मग पाय. तोंडातून लाळ गळत होती. रिक्षा करून ठाण्याला डॉक्टरांकडे नेले. त्यांचा पहिला प्रश्न होता, "काय लावलं? पाकिटाचा फोटो मागवा." फोटोवर बारीक अक्षरात लिहिले होते : परमेथ्रिन.

शेवंतीच्या जातीच्या एका फुलात कीटकांना मारणारे द्रव्य असते. त्याच्या धर्तीवर प्रयोगशाळेत जी औषधे बनवली, त्यांतले परमेथ्रिन हे एक, १९७०च्या दशकातले. माणसांच्या खरजेच्या मलमात ते असते, उवांच्या औषधात असते. कुत्र्याला चालते. मांजरीला मात्र ते विष आहे. अशी द्रव्ये शरीराबाहेर टाकण्यासाठी यकृताला त्यांच्यावर एक प्रक्रिया करावी लागते. ती प्रक्रिया मांजरीच्या यकृतात फार कमजोर असते. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजरीचा जीव घेऊ शकते, त्याचेही मोठे कारण हेच. म्हणजे प्रश्न फक्त वजनाचा नाही. "कुत्रा मोठा, मांजर लहान, म्हणून थोडे कमी लावा" हा हिशेबच चुकीचा. कुत्र्यांच्या काही ट्यूबमध्ये परमेथ्रिन ४५ टक्क्यांच्या वर असते. त्याचे थोडे थेंबही मांजरीला झटके आणायला पुरतात. ज्या कुत्र्याला ते नुकतेच लावले आहे, त्याला चिकटून झोपलेल्या मांजरीलाही बाधा होऊ शकते. गोचिडांसाठी वापरतात ते अमिट्राझही मांजरीला लावू नये. गोठ्यातल्या जनावरांच्या डेल्टामेथ्रिनचेही तेच, ते परमेथ्रिनच्याच घराण्यातले.

याचा अर्थ मांजरीला औषधच लावू नका असा नाही. पिसवा फार झाल्या तर लहान पिल्लाच्या अंगातले रक्त कमी होऊन ते मरू शकते. मांजरीसाठी बनवलेली फिप्रोनिलसारखी औषधे आहेत. ती वजन आणि वय पाहून, मानेच्या मागे, जिथे जीभ पोहोचत नाही तिथे लावतात. त्यांनीही कधी त्या जागेचे केस गळतात, खाज येते. चाटले तर कडू चवीने थोडा वेळ लाळ येते. हे सहसा आपोआप थांबते. पण थरथर, झोकांड्या, झटके दिसले तर वाट पाहू नये. अमेरिकेच्या एफडीएने सप्टेंबर २०१८ मध्ये आयसॉक्साझोलिन गटातल्या नव्या औषधांबद्दलही असा इशारा दिला होता. ती बाजारातून काढली नाहीत, पण ज्या जनावराला आधी झटके येऊन गेले आहेत त्याच्या मालकाने डॉक्टरांशी बोलून घ्यावे असे सांगितले.

मलाईला डॉक्टरांनी कोमट पाण्याने आणि भांडी घासायच्या लिक्विडने धुतले. पाणी गरम नको, गार नको. परमेथ्रिनवर थेट उतारा नाही. थरथर थांबवणारी इंजेक्शने, सलाईन आणि वेळ, एवढाच इलाज. तिसऱ्या दिवशी ती घरी आली, अल्हम्दुलिल्लाह.

पण खरी गोष्ट त्यानंतरची. आमच्याच इमारतीतल्या एका खालांची मांजर रमजानच्या आधी अशीच तडफडून मेली होती. खालांना वाटले, वरच्या मजल्यावरच्यांनी विष घातले. तेव्हापासून दोन्ही घरांत बोलणे नाही. मी खालांना विचारले, "त्या दिवशी तिला काही लावलं होतं का?" त्या म्हणाल्या, "हो गं, गोचिडांचं. भाच्यानं आणलेलं, कुत्र्याचं." मग दोघी कितीतरी वेळ गप्प बसलो.

आपल्याकडे मांजरीला घरातलेच माणूस समजतात. हजरत अबू हुरैरा यांचे टोपणनावच मांजरीच्या पिल्लावरून पडले, हे मुलांना आपण कौतुकाने सांगतो. मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईची हदीसही सांगतो. मग तिच्या पाठीवर काय ओततो ते वाचायची जबाबदारी कुणाची?

पहिली आपली. पण सगळी आपल्यावर ढकलूनही चालणार नाही. आपल्या देशातल्या १९४५च्या औषध नियमांप्रमाणे जनावरांच्या औषधावर 'फक्त जनावरांसाठी' अशा अर्थाची सूचना आणि पाळीव जनावराच्या डोक्याचे चिन्ह लागते. माणसाने चुकून घेऊ नये म्हणून ते ठीक आहे. पण कोणत्या जनावराने घेऊ नये, हे खालांना कसे कळावे? परमेथ्रिनच्या प्रत्येक पाकिटावर मांजरीचे चित्र आणि त्यावर लाल फुली हवी. मराठी, उर्दू, हिंदी यांपैकी काहीच वाचता येत नसले तरी ती फुली कळेल. दुकानदारानेही "कुत्रा की मांजर?" एवढे विचारायला हवे. मांजर म्हटले तर ट्यूब परत ठेवावी, थेंब मोजून देऊ नयेत.

माझ्या हातात होते ते मी केले. आठवीच्या वर्गात एक तास रिकामी औषधाची पाकिटे आणायला सांगितली आणि वाचायला लावली : कुणासाठी, किती, कुणाला नाही. मुलांनी माझ्यापेक्षा जास्त लक्ष देऊन वाचले.

खाला अजून वरच्या मजल्यावर गेलेल्या नाहीत. म्हणतात, "कोणत्या तोंडानं जाऊ?" मी म्हटले, मी येते सोबत. चूक माझ्याही हातून झाली होती. माझी मांजर वाचली, एवढाच फरक.