सोपी वाट

डोंगरभटकंतीचा विषय निघाला की आपल्याकडे बोलणे हमखास अवघड वाटांकडे वळते. हरिश्चंद्रगडाची नळीची वाट, लिंगाण्याचा सरळसोट सुळका, अलंग, मदन आणि कुलंग या गडांचे कातळकडे यांची नावे आदराने घेतली जातात. दोर लावून कोण चढला, अंधारात कोण उतरला, याच्या गोष्टी रंगतात. या धाडसाला मोल आहे आणि त्याचे कौतुकही व्हायला हवे. परंतु या कौतुकाच्या भरात आपण एका गोष्टीवर नकळत अन्याय करतो. जी वाट लहान मूल, त्याची आई आणि त्याची आजी अशा तिघांनाही चालता येते, तिला आपण ‘बायकामुलांची वाट’ म्हणून निकालात काढतो. सोपे ते हलके, अशी आपली समजूत होऊन बसली आहे. ही समजूत एकदा तपासून पाहायला हवी.

माझे मत असे, की सर्वांना चालता येईल अशी वाट आखणे, ती राखणे आणि तिच्यावरून घरातील सर्वांनी मिळून चालणे, ही कोणत्याही समाजाच्या शहाणपणाची खूण आहे. अवघड वाट एका माणसाचे बळ दाखवते. सोपी वाट दाखवते ती अनेकांनी एकमेकांसाठी घेतलेली काळजी. हे म्हणणे स्पष्ट व्हावे म्हणून एका दूरच्या तळ्याचे उदाहरण घेऊ.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या उत्तर भागात लॅसन ज्वालामुखी राष्ट्रीय उद्यान आहे. या उद्यानाच्या वायव्य टोकाला मॅन्झनिटा नावाचे तळे आहे. ‘मॅन्झनिटा’ या स्पॅनिश शब्दाचा अर्थ ‘लहानसे सफरचंद’. या भागात वाढणाऱ्या एका झुडपाला सफरचंदासारखी दिसणारी इवली फळे येतात. त्या झुडपाचेच नाव तळ्याला मिळाले. तळे समुद्रसपाटीपासून सुमारे १,८०० मीटर उंचीवर आहे. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे या तळ्याच्या उंचीची कल्पना येईल. मात्र तेथवर मोटाररस्ता जातो आणि तळ्याभोवतीची वाट जवळजवळ सपाट आहे. तिची लांबी तीन किलोमीटरच्या आसपास भरते. सावकाश चालणारे कुटुंब थांबत, बोलत, पाखरे पाहत दीड-दोन तासांत फेरी पूर्ण करू शकते.

या वाटेवर काय दिसते? एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला पाइन आणि फर वृक्षांची दाटी. जेफ्री पाइन नावाच्या झाडाच्या खोडाशी नाक नेले, तर सालीला व्हॅनिलासारखा गोड वास येतो. मुलांना या गोष्टीची मोठी गंमत वाटते. पाण्यावर बदके आणि हंसक तरंगत असतात. चालत चालत पश्चिम काठावर आले, की समोर लॅसन शिखर उभे राहते. वारा पडलेला असेल तर ३,१८७ मीटर उंचीच्या या शिखराचे प्रतिबिंब तळ्यात उतरलेले दिसते. दृश्य इतके शांत असते, की हा डोंगर ज्वालामुखी आहे यावर विश्वास बसू नये.

परंतु तो ज्वालामुखीच आहे. १९१४ च्या मे महिन्यात लॅसन शिखर जागे झाले आणि पुढे १९१७ पर्यंत त्याचे लहानमोठे उद्रेक होत राहिले. २२ मे १९१५ रोजी झालेला स्फोट त्यांत सर्वांत मोठा होता. त्या दिवशी राखेचा स्तंभ आकाशात नऊ किलोमीटरहून अधिक उंच गेला आणि बारीक राख तीनशे किलोमीटर दूरच्या गावांपर्यंत पडली. त्या काळात बी. एफ. लूमिस नावाच्या एका स्थानिक गृहस्थांनी उद्रेकांची छायाचित्रे टिपली. त्या छायाचित्रांमुळे राष्ट्रीय उद्यानाच्या मागणीला बळ मिळाले आणि १९१६ साली उद्यानाची स्थापना झाली. पुढे लूमिस दांपत्याने आपल्या दिवंगत मुलीच्या, मे हिच्या, स्मरणार्थ तळ्याजवळ दगडी संग्रहालय बांधले आणि ते उद्यानाला दिले. आजही तेथे येणारी मुले ती जुनी छायाचित्रे पाहतात, बाहेर येतात आणि तोच डोंगर समोर पाहतात. पुस्तकातील चित्र आणि प्रत्यक्ष डोंगर यांच्यात येथे काही पावलांचेच अंतर असते.

तळ्याच्या जन्माची कथा याहूनही विस्मयकारक आहे. जवळच ‘केऑस क्रॅग्ज’ नावाचे घुमटाकार सुळके आहेत. सुमारे एक हजार वर्षांपूर्वी घट्ट, चिकट लाव्हा जमिनीतून वर आला. तो दूरवर वाहू शकला नाही, म्हणून जागच्या जागी साचून त्याचे घुमट बनले. त्यानंतर, आजपासून साधारण साडेतीनशे वर्षांपूर्वी, त्यांतील एका घुमटाची बाजू कोसळली. दगडांचा तो लोंढा ताशी दीडशे किलोमीटरहून अधिक वेगाने कित्येक किलोमीटर धावत गेला. त्या दगडगोट्यांनी ओढ्याची वाट अडवली, पाणी तुंबले आणि तळे तयार झाले. म्हणजे आज ज्या काठावरून एखादी आजी नातवाचा हात धरून निवांत चालते, तो काठ एका प्रचंड पडझडीने घडवलेला आहे.

येथेच माझ्या म्हणण्याचा गाभा आहे. ही वाट सोपी आहे. पण ती आपोआप सोपी झालेली नाही. कोसळलेल्या दगडांचा तो प्रदेश शास्त्रज्ञांनी अभ्यासला, तो केव्हा आणि कसा कोसळला याचा शोध घेतला, पुन्हा कोसळण्याचा संभव कोठे आहे हे तपासले. त्या अभ्यासातून धोका ध्यानात आल्यावर १९७४ साली तळ्याकाठचे निवास आणि इतर सोयी बंद करण्यात आल्या. चालता व्यवसाय, लोकांची वर्षानुवर्षांची सवय, आठवणी हे सारे बाजूला ठेवून तो निर्णय घेतला गेला. संग्रहालयही बंद झाले होते. ते पुढे पुन्हा उघडले. फेरीची वाट आज खुली आहे. जेथे माणूस रात्रभर झोपतो ती जागा आणि जेथून तो दोन तासांत चालून जातो ती जागा, यांच्यातील जोखीम सारखी नसते, हा साधा विवेक यामागे दिसतो. घाबरून सारेच बंद करावे असे नाही आणि बेफिकिरीने सारेच खुले ठेवावे असेही नाही. सोप्या वाटेच्या पाठीशी असे अवघड निर्णय उभे असतात.

यावर काही आक्षेप घेतले जातात आणि त्यांचा विचार करायला हवा. पहिला आक्षेप असा, की वाट सोपी केली की गर्दी होते, गर्दीमागून कचरा येतो आणि निसर्गाची नासाडी होते. आपल्याकडील अनेक सहलीच्या ठिकाणांची अवस्था पाहता हा आक्षेप खोटा म्हणता येणार नाही. परंतु त्याचे कारण वाटेच्या सोपेपणात नसून नियमांच्या अभावात आहे. मॅन्झनिटा तळ्यात यंत्राच्या नावा चालवता येत नाहीत. वल्ह्यांची होडी चालते. गळाला लागलेला ट्राउट मासा पुन्हा पाण्यात सोडावा लागतो. हे नियम सर्वांना सारखेच लागू आहेत. माणसांना दूर ठेवून निसर्ग राखण्यापेक्षा माणसांना शिस्त लावून तो राखणे अधिक कष्टाचे आहे, पण टिकाऊही तेच आहे. ज्या मुलाने तळे पाहिलेच नाही, ते मोठेपणी तळ्यासाठी भांडेल कशाला?

दुसरा आक्षेप असा, की सोपे करणे म्हणजे फरसबंदी, कठडे, खाद्यपदार्थांची दुकाने आणि ध्वनिक्षेपक. हा मात्र गैरसमज आहे. पायाखाली माती असलेली, झाडांच्या सावलीतून जाणारी, वळणावर दिशा सांगणारी पाटी असलेली वाटही सोपी असते. सोपेपणासाठी सिमेंट लागत नाही. नीट आखणी आणि नियमित डागडुजी लागते.

तिसरा आक्षेप सर्वांत जुना आहे: कष्टावाचून मिळालेल्या आनंदाला किंमत नसते. पण कष्ट कोणाचे, हा प्रश्न आपण विचारत नाही. गुडघे दुखणाऱ्या आजीसाठी तीन किलोमीटर ही मोठी मजल असते. चार वर्षांच्या मुलासाठी तर तो एक प्रवासच असतो. आणि धडधाकट तरुणाला येथे वेगळेच कष्ट करावे लागतात. त्याला आपली चाल कमी करावी लागते. घरातील सर्वांत हळू चालणाऱ्या माणसाच्या चालीने चालणे ही साधना कड्यावर दोर लावून चढण्याइतकी दिखाऊ नसेल, पण तिच्यात एकमेकांकडे पाहण्याची सवड मिळते. धावपळीच्या दिवसांत एका घरातील माणसे दीड-दोन तास एकाच दिशेने चालतात, ही गोष्ट लहान नाही.

आता आपल्या सह्याद्रीकडे वळू. ज्वालामुखी म्हटले की आपल्याला दूरचे देश आठवतात. पण महाराष्ट्राचा बहुतेक भाग लाव्हारसानेच घडलेला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून पातळ लाव्हारस बाहेर पडला आणि थरांवर थर साचत गेले. त्यांपासून बेसाल्ट हा काळा दगड तयार झाला. लॅसनचा चिकट लाव्हा घुमट होऊन उभा राहिला. आपला पातळ लाव्हा पसरत गेला, म्हणून आपले डोंगर पायऱ्या-पायऱ्यांचे आणि माथ्यावर सपाट दिसतात. येथील आग केव्हाच विझली आहे, पण दगडांत ती कथा जागोजाग लिहिलेली आहे. ती वाचायला अवघड सुळक्यावर चढावे लागत नाही. माथेरानचे उदाहरण घ्या. तेथे येणाऱ्यांच्या खासगी मोटारी दस्तुरी नाक्यावरच थांबतात. पुढे लाल मातीच्या, दाट झाडीतल्या वाटांवरून चालत चार्लोट तलावापर्यंत जाता येते. अशा वाटा आपल्या डोंगरांत आणखी अनेक ठिकाणी होऊ शकतील. दगडाचा जन्म कसा झाला हे सांगणारी एखादी मराठी पाटी, ज्येष्ठांना टेकायला मधूनमधून एखादा ओटा, स्वच्छ पाणी आणि स्त्रियांसाठी स्वच्छतागृह एवढे झाले, तरी अनेक कुटुंबे डोंगराकडे वळतील. हा खर्च मोठा नाही. उणीव आहे ती सोप्या वाटेला प्रतिष्ठा देण्याच्या वृत्तीची.

शिक्षणाच्या बाबतीतही आपण हीच चूक करत आलो आहोत. ज्यांना ठरलेल्या वयात, ठरलेल्या शाळेत शिकता आले नाही, त्यांच्यासाठी उघडलेल्या वाटेकडे काही लोक ‘सोपी वाट’ म्हणून नाक मुरडतात. दिवसभर काम करून, घर सांभाळून, रात्री पुस्तक उघडणाऱ्या माणसाला ती वाट किती सोपी असते, हे त्यालाच ठाऊक! वाट सोपी असणे म्हणजे तिच्या टोकाशी असलेले ज्ञान उथळ असणे नव्हे. मॅन्झनिटाच्या काठावर दोन तास चालणाऱ्या मुलाला जो डोंगर दिसतो, तो तेवढाच उंच असतो. त्यातील आगही तेवढीच खरी असते. फरक एवढाच, की तो पाहण्याची संधी येथे मूठभरांपुरती राखून ठेवलेली नाही.

अवघड वाटा असाव्यात. ज्यांच्या पायांत बळ आहे त्यांनी त्या जरूर चढाव्यात. परंतु एखादा समाज आपल्या डोंगरांवर, तळ्यांवर आणि ज्ञानावर किती प्रेम करतो हे पाहायचे असेल, तर त्याने आपल्यातील म्हाताऱ्यांसाठी आणि मुलांसाठी कोणती वाट तयार केली आहे, हे आधी पाहावे.