वेगवान मोटार आणि तिची किल्ली

आपल्या छत्रपती संभाजीनगरास मोटारींचें वेड नवें नाहीं. २०१० सालच्या ऑक्टोबर महिन्यांत येथील उद्योजक व व्यावसायिक मंडळींनीं एकजुटीनें १५० मर्सिडीझ गाड्या विकत घेतल्या. त्यांची एकंदर किंमत सुमारें ६५ कोटी रुपये होती. तेव्हांच्या औरंगाबादचें नांव त्यामुळें देशभर गाजलें. शेंद्र्यास स्कोडा कंपनीचा कारखाना आहे. त्याच कंपनीनें २४५ अश्वशक्तीची ऑक्टाव्हिया आर. एस. ही गाडी २०२० सालीं भारतांत विक्रीस आणली. अशी बलवान गाडी ज्यांच्या दारीं प्रथमच येते, ते गृहस्थ कांहीं ठराविक प्रश्न विचारतात. त्यांचीं उत्तरें विद्यार्थ्यांसही उपयोगी पडतील, असें आम्हांस वाटतें.

पहिला प्रश्न असा कीं, गाडी पहिल्या दिवसापासूनच भरधाव कां पळवूं नये? नव्या यंत्रांतील पिस्टनच्या कड्या व सिलिंडरच्या भिंती परस्परांशीं घासून नीट बसावयाच्या असतात. म्हणून पहिले हजार-दीड हजार किलोमीटर यंत्रावर पुरा जोर टाकूं नये. नवे टायर व ब्रेकही आरंभीं पूर्ण पकड घेत नाहींत.

दुसरा प्रश्न, महाग पेट्रोलानें वेग वाढतो काय? पेट्रोलाचा ऑक्टेन आंकडा हा शक्तीचा आंकडा नव्हे. दाबाखालीं अकालीं पेट न घेण्याच्या गुणाचा तो आंकडा आहे. टर्बो यंत्रांत दाब अधिक, म्हणून गाडीच्या पुस्तिकेंत सांगितलेला आंकडा पाळावा. साध्या गाडींत उंची पेट्रोल ओतून विशेष लाभ नाहीं.

तिसरा प्रश्न टायरांतील हवेचा. ती गाडीवर छापलेल्या कोष्टकाप्रमाणें असावी आणि टायर थंड असतांना मोजावी. हवा कमी असली म्हणजे टायरची कूस वारंवार वांकून तापते, व आपल्याकडील उन्हाळ्यांत दूरच्या प्रवासांत तो फुटण्याचा धोका वाढतो.

हे सर्व प्रश्न योग्यच आहेत. परंतु गाडी किती वेगानें धांवते हें सर्वजण विचारतात. ती थांबण्यास किती जागा लागते, हें फार थोडे विचारतात. वेग दुप्पट झाला कीं गाडींतील गतिज ऊर्जा चौपट होते. समृद्धि महामार्गावर सपाट भागांत मोटारीस ताशीं १२० किलोमीटरची मर्यादा आहे. त्या वेगांत गाडी एका सेकंदांत ३३ मीटर जाते. म्हणजे पाय ब्रेकवर पोंचण्यापूर्वींच एवढें अंतर मागें पडलेलें असतें. यंत्रांत २४५ घोड्यांचें बळ असलें, तरी ब्रेक दाबणारा पाय माणसाचाच आहे.

आणि शेवटचा प्रश्न, किल्ली कोणाच्या हातीं? १९ मे २०२४ च्या पहांटे पुण्याच्या कल्याणीनगरांत एका पॉर्श गाडीची दुचाकीस धडक बसून एक तरुण व एक तरुणी, दोघेही अभियंते, मरण पावले. गाडी १७ वर्षांचा मुलगा चालवीत होता, असें पोलिसांनीं सांगितलें. त्यास प्रथम जामीन देतांना रस्त्यावरील अपघातांविषयीं ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घालण्यांत आली, तेव्हां देशभर संताप उसळला. निबंध हें तर शाळेंतलें रोजचें काम. पण असा निबंध चाकास हात लावण्यापूर्वीं लिहावयाचा असतो. दोन घरांतले दिवे विझल्यावर नव्हे.

कायदा याविषयीं स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्यांतील २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणें अल्पवयीन मुलानें गाडी चालवून गुन्हा केल्यास त्याचा पालक अथवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. त्यास तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड सांगितला आहे. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते, आणि मुलास वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाहीं.

“आमचा मुलगा उत्तम चालवितो,” असें कित्येक पालक अभिमानानें म्हणतात. चालवीतही असेल. परंतु चाक फिरविण्याची कला महिन्याभरांत साधते, आणि संकट ओळखण्याचा विवेक येण्यास वर्षें लागतात. म्हणून पालकांस आमची विनंती आहे कीं, परवाना मिळेपर्यंत किल्ली आपणांपाशींच ठेवावी, आणि तो मिळाल्यावरही पहिलें वर्ष मुलाच्या शेजारीं बसावें. विद्यार्थ्यांस सांगणें इतकेंच कीं, परवाना नसलेल्या मित्रानें “चल, बस” म्हटलें, तर “नाहीं” म्हणावें. मित्रास राग येईल. तो चार दिवसांत जाईल. मित्र मात्र राहील.